थोडीशी फुगलीय, बसेल

नाही हो काका, सरकू नका, सरकून काय होणार आहे, बाक तेवढाच आहे, तुम्ही त्या टोकाला गेलात तरी मधे अंतर किती पडलं… चार हात? चार हातांनी काही फरक पडत नाही, मी रसायनशास्त्र शिकलेय, मला विचारा! आणि मावशी, तुम्ही तो मिक्सर असा पोटाशी धरून उभ्या राहू नका, मिक्सर तुम्हाला वाचवणार नाही. बसा. बॉम्ब नाहीये हा. बॅटरी आहे. सायकलची. म्हणजे सायकलला मोटर बसवली की जी लागते ती. घरी बनवलेली. फुगलेली. म्हणून वाळूत. आणि वाळू म्हणून बादलीत. पत्र्याची आहे बादली, प्लास्टिकची असती तर मीच सरकले असते! आणि हे सगळं कुणामुळे? माझ्या वडिलांमुळे. त्यांना विचाराल तर ते मान अशी तिरकी करून, चष्मा कपाळावर चढवून म्हणतील, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत म्हणाले असते, "काही नाही गं. थोडीशी फुगलीय. बसेल."

बसेल! ऐकलंत? जणू नळात हवा भरलीय, दोन तांबे पाणी सोडलं की निघून जाईल!

आणि हा खिडकीवरचा माणूस… जेवायला गेलाय. दोन वाजता येणार असं पाटीवर लिहिलंय, दोन वाजून वीस मिनिटं झाली. 'धोकादायक कचरा' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहायचं, आणि तो धोका मांडीवर घेऊन बसलेल्यांना सांगायचं, थांबा, साहेब जेवतायत! टोकन माझं सत्तावीस. तुमचं? अठ्ठावीस? म्हणजे तुम्हाला माझ्याजवळच बसावं लागणार, नाइलाज आहे.

चालत आलेय मी. हो, एवढी वाळू घेऊन. बसमध्ये चढले होते, नाही असं नाही. कंडक्टर म्हणाला, "बादलीत काय?" मी म्हटलं, वाळू. "वाळू कशाला?" मी म्हटलं, आग लागली तर. मी खरं बोलते हो, हीच माझी चूक आहे. पुढच्याच थांब्यावर मी खाली आणि बस फुर्र!

तर वडील. वडील बाइंडर. पुस्तकं बांधायचे. तीस वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीची पुस्तकं यांनी बांधली. उसवलेली, भिजलेली, मुलांनी पानं फाडलेली, सगळी यांच्याकडे यायची आणि नवीन होऊन जायची. एक दिवस कॉलेजनं सांगितलं, आता पुस्तकं नकोत, आम्ही टॅब घेतले, मुलं त्यावर वाचणार. झालं, तीस वर्षांचं काम एका पत्रात संपलं. आणि पुढे ऐका, पाच वर्षांत ते टॅब बिघडले, कॉलेजनं पोत्यात भरून भंगारात टाकले, आणि भंगारवाल्याकडून ती पोती उचलून कुणी आणली? यांनी! मी म्हटलं, बाबा, ज्यांनी तुमच्या पोटावर पाय दिला त्यांना घरात आणताय? तर म्हणतात, "त्यांचा काय दोष? आतले सेल चांगले आहेत."

टॅबमधले सेल म्हणजे कसे… चपटे, चकचकीत, चांदीच्या पाकिटासारखे. आत पातळ थर, एकावर एक. बाबांनी एक बिघडलेला उघडलेला पाहिला आणि डोळ्यांत पाणी! "अगं, ही तर पानं आहेत!" म्हटलं, पानं नाहीत बाबा, ते ऋण टोक आणि धन टोक आहे. "तेच गं, डावं पान आणि उजवं पान." यांना काय शिकवणार?

मग सगळं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. चाळीस सेल निवडले, चार-चारच्या जुड्या केल्या, अशा दहा जुड्या. पुस्तक शिवताना दुमडलेल्या पानांचे फर्मे कसे एकापुढे एक लावतात, तशा लावल्या. दोन जुड्यांमध्ये पातळ पुठ्ठा. बाहेरून काळं कापड. कोपऱ्यांना चामडं. आणि चिकटवलं कशानं? मैद्याच्या खळीनं! म्हणजे बघा, जगात पेटणाऱ्या जेवढ्या म्हणून वस्तू आहेत, कागद, पुठ्ठा, कापड, त्या सगळ्या शोधून शोधून त्या बॅटरीभोवती गुंडाळल्या, आणि वर मला विचारतात, "कशी दिसतेय?" दिसतेय कशी! शब्दकोशासारखी दिसतेय! चार्जिंगचा शब्दकोश!

थांबा, दाखवते. वाळू थोडी बाजूला… नाही हो काका, नुसती कड दाखवतेय! हं. दिसली? पाठीवर सोनेरी अक्षरं आहेत बघा. पितळी ठसे तापवून उठवलेली. वाचा. "हिच्यासाठी."

ही म्हणजे माझी आई.

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. हॉस्पिटल त्या चढावर, आमची गल्ली एवढीशी, गाडी आत येत नाही, आणि आई गल्लीच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर तीनदा ओट्यांवर बसायची. म्हणून ही सायकल, म्हणून ही मोटर, म्हणून ही बॅटरी. आणि चालली हो! तेच तर दुःख आहे, चालली! पहिल्या दिवशी आई मागे बसली, पदर खोचला, आणि बाबांनी अंगठ्यानं ते बटण दाबलं… सायकल अशी सुटली की आई ओरडली, "अहो, मला हॉस्पिटलात न्यायचंय का वर?" सगळी गल्ली हसली. चढावर मोठमोठी माणसं सायकल हातात धरून धापा टाकतायत, आणि हे दोघं सुंईऽऽ करून त्यांच्या बाजूनं वर! आई मागे वळून त्यांना हात करायची. राणीसारखा. मी म्हटलं, आई, डायलिसिसला चाललीयस, लग्नाच्या वरातीला नाही. तर म्हणते, "माझ्या वरातीला हे पायी होते. आता भरपाई करतायत."

आणि ती अक्षरं बघून काय म्हणाली असेल? म्हणाली, "जन्मभर माझं नाव घेतलं नाहीत, निदान बॅटरीवर तरी घ्यायचं! तिथंही 'ही'च का?" बाबा लाजले. म्हणाले, "ठशांमधलं एक अक्षर हरवलंय." खोटं! मी शोधलं, सगळी अक्षरं होती!

नाही मावशी, रडत नाहीये. वाळू गेलीय डोळ्यात.

पाच महिने झाले तिला जाऊन. बुधवारी गेली. आणि तुम्हाला सांगते, मी मूर्ख, मी पदवीधर मूर्ख, मला चार महिने कळलंच नाही की घरात काय चाललंय. बाबा कपाट उघडायचे, वायर आत न्यायचे, कपाट बंद करायचे. मला वाटायचं, करत असतील काहीतरी, म्हाताऱ्या माणसांची शंभर कामं असतात, त्यातली नव्वद आपल्याला कळत नाहीत आणि दहा पटत नाहीत. एकदा वार बघितला. रविवार. मग मंगळवार. मग गुरुवार. म्हणजे सोमवारसाठी, बुधवारसाठी, शुक्रवारसाठी! सायकल जागची हलत नाही, बॅटरी भरलेलीच आहे, आणि हे तिला आदल्या दिवशी परत चार्जिंगला लावतायत! चार्जरही असा की भरली तरी थांबत नाही, आपला ढकलतोय, ढकलतोय… म्हटलं, बाबा, कशाला? तर म्हणतात, "असू दे तयार."

तयार! कुणासाठी तयार?

हे मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला तेव्हा होती.

पण काका, पोट भरलेल्या माणसाला रोज बळंच वाढलं तर काय होईल? तेच सेलचं होतं. आत वायू धरतो. चपटं पाकीट हळूहळू उशी होतं. एका रविवारी कपाटाचं दार लागेना. बघते तर शब्दकोश गरोदर! काळं कापड ताणलेलं, कोपऱ्याचं चामडं उसवलेलं. मी किंचाळले. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, हात फिरवला तिच्यावरून, असा… मायेनं. आणि म्हणाले, "थोडीशी फुगलीय. बसेल."

मी म्हटलं, बसत नसते! हे आत तयार झालेलं आत परत जात नसतं! हे बाहेर न्यायचं, वाळूत ठेवायचं, द्यायचं टाकून! तर ते माझ्याकडे असे बघतात की मी जणू… जाऊ दे.

आणि सल्ले देणाऱ्यांना काही कमी आहे का? मोठ्या काकांचा फोन. मोठे काका म्हणजे जगातल्या प्रत्येक यंत्राचे डॉक्टर. "अगं पोरी, त्यात काय एवढं! सुई घे. टोच. हवा जाईल फुस्सकन!" मी म्हटलं, काका, हवा नाही, मी जाईन, फुस्सकन! तर म्हणतात, "तुम्हा शिकलेल्या मुलींना फार भीती." वरच्या काकू जिन्यात भेटल्या, "अय्या, तुमच्याकडे गोड गोड वास येतो गं हल्ली, नेलपॉलिश लावतेस का?" नेलपॉलिश! सेल कुठंतरी पाझरायला लागला होता, त्याचा वास! मी सांगितलं, काकू, तुमच्या पायाखाली बॅटरी कुजतेय. तर म्हणतात, "असू दे, वास छान आहे."

सांगा, या पिढीचं मी काय करू?

टोचू मात्र दिलं नाही बाबांनी, हे खरं. म्हणाले, "पुस्तकाला भोक पाडत नाहीत." मला वाटलं, चला, शहाणपण आलं. शहाणपण कसलं! दुसऱ्या दिवशी बघते तर कपाट रिकामं. घरभर शोधलं. सापडली कुठं? शिकंज्यात! पुस्तकं दाबायचा त्यांचा लोखंडी शिकंजा आहे, वर चाकासारखी मूठ, ती फिरवली की वरची फळी खाली येते. भिजून फुगलेली पुस्तकं त्यात घालायची आणि रोज एक फेरा आवळायचा. रोज एकच, जास्त नाही. महिन्याभरात पुस्तक सपाट. तीस वर्षं फुगलेली प्रत्येक गोष्ट या माणसानं त्या शिकंज्यात बसवली. मग ही का बसणार नाही? रोज सकाळी चहा व्हायच्या आत एक फेरा! फुगलेल्या बॅटरीला! आतले थर एकमेकांना टेकले असते ना, तर आज मी तुमच्याशी बोलत नसते, आणि वरच्या काकूंना छान वासही आला नसता.

मग मी बोलले. बोलले म्हणजे भांडले. भांडले म्हणजे… तुम्हाला सांगू का, राग आला की माझी जीभ माझं ऐकत नाही. ते नेहमीसारखे म्हणाले, "अगं, थोडीशी फुगलीय, बसेल," आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आईच्या पायांनाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

…

हो. म्हणाले होते ते तसं. तीन वर्षांपूर्वी. आईचे पाय सुजायचे, बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि पडलेला तसाच राहायचा. याच बादलीत गरम पाणी घेऊन ती पाय सोडून बसायची. आणि बाबा म्हणायचे, "दिवसभर उभी असतेस, थोडी सूज आलीय, बसेल." ती बसली नाही. डॉक्टरकडे गेलो तेव्हा मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती.

हे मी त्यांच्या तोंडावर मारलं. पण काका, मी तेव्हा काय म्हणाले होते, तेही सांगते, कारण इथं तुम्ही मला ओळखत नाही. मी म्हणाले होते, "पाय उशीवर ठेव ना आई, माझी परीक्षा आहे." पेपर कुठला होता माहितेय? रसायनशास्त्राचा. पहिला वर्ग मिळाला मला.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, पुसला, परत घातला. त्या दिवसापासून, आज आठ दिवस झाले, ते "बसेल" म्हणाले नाहीत. कशालाच नाही. दूध उतू गेलं, गप्प. मला खोकला झाला, मुद्दाम त्यांच्यासमोर खोकले, गप्प! जन्मभर ज्या शब्दाचा मला वैताग, तो ऐकायला मी घरात खोकत फिरतेय, बोला!

पण फेरा चालूच! रोज सकाळी. न बोलता. म्हटलं, हे माणूस आता ऐकणार नाही. आई गेली, आता हे त्या खोलीत एकटे त्या शिकंज्यासमोर, आणि एक दिवस मी बाहेरून येईन तर… नको. म्हणून आज जेवण झाल्यावर ते जरा आडवे झाले, तशी मी हळूच मूठ उलटी फिरवली. सात फेऱ्यांत पकड सुटली. प्रत्येक फेऱ्याला चिऽऽक चिऽऽक, आणि मी थांबून त्यांच्याकडे बघतेय. बॅटरी काढली, बादलीत ठेवली, वर वाळू. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले. चोरीच ना ही? स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाची… बरं, आईचं म्हणून यांच्याकडे एवढंच राहिलं होतं, असं म्हणा. तेच मी उचलून आणलं.

काय झालं, पलीकडच्या ताई? काय दाखवताय? पाटी? कुठली पाटी… "घरगुती बनावटीच्या बॅटऱ्या स्वीकारल्या जाणार नाहीत. कंपनीची छाप आवश्यक."

अहो, हे कधी लिहिलं! ही पाटी दाराबाहेर नको का लावायला, इथं त्या पंख्यामागे कोण वाचणार? आता मी काय करू? परत नेऊ? परत त्या शिकंज्यात? घरी नेऊन काय सांगू, बाबा, तुमची बॅटरी चोरून नेली होती, पण ती कुणी घेईना? …आणि साहेब आले, बघा, आत्ताच यायचं होतं यांना! तेवीस… चोवीस… ही मधली माणसं कुठं गेली? माझ्या बादलीला घाबरून पळाली वाटतं. सव्वीस…

अगंबाई.

काका, हळूच दाराकडे बघा. निळा सदरा. घामानं थबथबलेले. सायकल भिंतीला लावतायत. ते. तेच. झोपले नव्हते तर! चढावरून पायडल मारत आले, ती मोटर लावलेली जड धूड सायकल, बॅटरीशिवाय! हातात पिशवी आहे. आता सगळ्यांसमोर भांडण होणार. मागतील परत. मी देणार नाही हं, तुम्ही साक्षीला आहात, मी… सत्तावीस? हो, हो साहेब, आले!

…

दिली.

मावशी, मिक्सर सरकवा जरा. बसू दे मला.

ऐकू आलं का तुम्हाला इथवर? नाही? अहो, मी खिडकीशी बादली ठेवली आणि बाबा शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघेनात. साहेबांनी फॉर्म काढला, म्हणाले, "कंपनी?" मी तोंड उघडलं, बंद केलं. खरं बोलायची सवय, आणि खरं बोलले तर परत न्यावी लागणार. साहेबांनी वाळूत डोकावून बघितलं. सोनेरी अक्षरं वाचली. "हिच्यासाठी… ही कंपनी कुठली? कधी ऐकली नाही."

आणि बाबा म्हणाले, "बंद पडली, साहेब. पाच महिने झाले."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग बादलीकडे. मग माझ्याकडे. आणि फॉर्मवर लिहिलं, कंपनी, दोन टिंबं, हिच्यासाठी. म्हणाले, "छाप आहे ना? मग झालं." शिक्का मारला. बादली आत गेली. बादलीसकट गेली हो! मी म्हणणार होते, बादली तेवढी द्या, आईची आहे… नाही म्हणाले. जाऊ दे.

मला वाटलं, आता बाबा पिशवीतून काय काढतात कोण जाणे. काढलं काय? चार्जर. वायर नीट गुंडाळून, सुतळीनं बांधून आणलेला, पुस्तकाचा गठ्ठा बांधतात तसा. म्हणाले, "हा राहिला होता. घरात राहिला तर मी परत काहीतरी लावेन त्याला."

बस. एवढंच.

मी बाहीनं डोळे पुसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "डोळे केवढे सुजलेत तुझे. घरी गेल्यावर गार पाणी मार." आणि मग जरा थांबून, घाबरत, जणू माझी परवानगी मागतायत… "बसेल."

आठ दिवसांनी.

मी म्हटलं, हो बाबा. ही बसेल.

हसू नका काका, चार्जर अजून त्यांच्याच हातात आहे. साहेब म्हणाले, चार्जर धोकादायक कचऱ्यात येत नाही. तो साध्या कचऱ्यात. त्याची खिडकी वेगळी, टोकन वेगळं, आणि त्या खिडकीचे साहेब आत्ताच जेवायला गेलेत. बाबांना मिळालंय एकसष्ट. …या बाबा, इकडे या. काका, आता सरका जरा.